दुरून उकळणारी कॉफी : घरगुती स्वयंचलनाच्या इतिहासातील एक प्रकरण

घरातील दिवे, कुलुपे, तापमान राखणारी यंत्रे आणि स्वयंपाकघरातील उपकरणे एकाच मध्यवर्ती संगणकाच्या आज्ञेत आणण्याच्या व्यवस्थेला घरगुती स्वयंचलन म्हणतात, आणि कॉफीयंत्र हे या व्यवस्थेतले फार जुने आणि तितकेच हट्टी उपकरण आहे. दिवा लावायचा म्हणजे वीज सुरू करायची, एवढ्यावर काम भागते. कॉफीसाठी मात्र पाणी भरावे लागते, पूड घालावी लागते, पाणी योग्य तापमानाला आणावे लागते आणि शेवटी तोटीखाली भांडे असावे लागते. यांपैकी किती कामे यंत्रावर सोपवायची आणि किती माणसाकडे ठेवायची, हा या इतिहासातला पहिला प्रश्न होता. यंत्राला आज्ञा देण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न बराच उशिरा, यंत्रात सूक्ष्मसंगणक शिरल्यावर, उभा राहिला. यंत्र जसजसे हुशार होत गेले तसतसे ते घराच्या जाळ्यात ओवणे काही बाबतींत सोपे होण्याऐवजी अवघडच होत गेले, हे या वाटचालीकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

आरंभ कॉफीने नव्हे, चहाने झाला. सकाळी डोळे उघडण्यापूर्वी पेय तयार असावे ही इच्छा व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या घरी नोकर पुरवत असत; ज्यांना नोकर परवडत नव्हते त्यांच्यासाठी घड्याळाला त्या कामाला जुंपण्याची कल्पना पुढे आली. डर्बी येथील सॅम्युएल रोबॉटम याने १८९१ मध्ये अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९०२ मध्ये आणखी एका यंत्राचे पेटंट निघाले. त्यात ठरलेल्या वेळी घड्याळाच्या यंत्रणेने काडी ओढली जाऊन स्पिरिटचा दिवा पेटत असे आणि पाणी उकळले की किटली आपोआप कलून पाणी चहादाणीत पडत असे. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ज्योत पेटवणारे हे उपकरण फारसे खपले नसावे यात नवल नाही. विजेवर चालणारे सुरक्षित यंत्र १९३० च्या दशकात आले. ब्रेनर थॉर्न्टन याच्या १९३३ च्या रचनेवर आधारलेले ‘टीजमेड’ हे यंत्र गॉब्लिन या नाममुद्रेखाली विकले जाऊ लागले आणि पुढची काही दशके ते ब्रिटिश शयनगृहात नांदले. त्याची रचना चतुर होती. बंद किटलीतील पाणी उकळले की वाफेच्या दाबाने ते नळीवाटे चहादाणीत ढकलले जाई, आणि किटली रिकामी होऊन हलकी झाली की तिच्याखालची कळ उचलली जाऊन वीज बंद होई. काम पूर्ण झाले हे यंत्राने स्वतः ओळखण्याची सोय येथे संगणकावाचून, निव्वळ वजनाच्या आधारे साधली होती. नंतरच्या कित्येक महागड्या यंत्रांना तेवढेही जमले नाही.

घरगुती कॉफीयंत्राचा विजेशी जम बसला तो जर्मनीत १९५४ मध्ये पेटंट मिळालेल्या गॉटलोब विडमान याच्या ‘विगोमाट’ या यंत्रापासून. त्यात तापलेले पाणी वर चढून कागदी गाळणीतील पुडीवर थेंबाथेंबाने पडे आणि कॉफी खालच्या काचेच्या भांड्यात उतरे. अमेरिकेत याच पद्धतीचे ‘मिस्टर कॉफी’ हे यंत्र १९७२ मध्ये बाजारात आले आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ याच्या जाहिरातींनी ते घराघरांत पोहोचले. स्वयंचलनाच्या दृष्टीने या यंत्राचा मोठा गुण त्याच्या साधेपणात होता. त्याला एकच यांत्रिक कळ होती आणि ती दाबल्यावर दाबलेलीच राहत असे. रात्री पाणी आणि पूड भरून, कळ चालू ठेवून, भिंतीतला विद्युतपुरवठा बंद केला आणि पहाटे तो पुन्हा सुरू केला, तर यंत्र निमूटपणे कॉफी करू लागे. आज्ञा कोणी दिली, माणसाने, घड्याळाने की संगणकाने, याची यंत्राला काहीच कल्पना नसे.

या साधेपणावरच ‘एक्स-टेन’ या पहिल्या यशस्वी घरगुती स्वयंचलन पद्धतीने आपला संसार उभारला. १९६६ च्या सुमारास पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता जेम्स सदरलंड याने ‘एको-फोर’ हा घरसंगणक स्वतःच्या घरात बांधला होता खरा, पण तो एका घरापुरताच राहिला, आणि हनीवेल कंपनीचा १९६९ चा स्वयंपाकघरातील संगणक तर दहा हजार डॉलरांहून अधिक किमतीची एक शोभेची वस्तूच ठरला. एक्स-टेनची गोष्ट वेगळी होती. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथीस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने १९७५ मध्ये ती विकसित केली. कंपनीचा हा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. घरात नवी तार न टाकता आधीच भिंतीत असलेल्या विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवायचा, ही तिची मूळ कल्पना. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. त्या क्षणी तारेत गोंगाट कमी असल्याने १२० किलोहर्ट्झ वारंवारतेचा एक अल्पसा स्पंद त्यावर चढवला जाई, आणि स्पंद असणे म्हणजे एक, नसणे म्हणजे शून्य, अशा रीतीने आज्ञा अंकाअंकाने पुढे जाई. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकी सोळा उपकरणसंकेत मिळून २५६ पत्ते उपलब्ध होते. १९७८ पासून ही उपकरणे अमेरिकेत रेडिओ शॅकसारख्या दुकानांत मिळू लागली.

एक्स-टेनमध्ये दिव्यांसाठी आणि इतर उपकरणांसाठी वेगवेगळे मॉड्यूल, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचे जोडयंत्र, वापरावे लागे. दिव्याचे मॉड्यूल प्रकाश मंद करण्यासाठी विद्युतलहरीची काटछाट करी. ते कॉफीयंत्राला लावणे धोक्याचे होते. उपकरणाच्या मॉड्यूलमध्ये रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडमीट होणारी कळ असे आणि तिचा ‘टक्’ असा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू येई. या पद्धतीचे दोष तिच्या चाहत्यांनाही पाठ होते. संदेश एकाच दिशेने जाई, त्यामुळे आज्ञा पोहोचली की नाही याची पोच मिळत नसे; अमेरिकी घरांत विजेच्या दोन फांद्या असतात, त्यामुळे एका फांदीवरचा संदेश दुसरीवर पोहोचेलच याची खात्री नसे; आणि शेजाऱ्याने तोच गृहसंकेत निवडला असेल तर त्याच्या कळीने इकडचे यंत्र तापू लागे. तरीही कॉफीयंत्राच्या संदर्भात खरी उणीव वेगळीच होती. मॉड्यूलला वीज देता येत होती; यंत्रात पाणी आहे का, कॉफी झाली का, भांडे जागेवर आहे का, यांपैकी काहीही त्याला कळत नव्हते. आज्ञेची बाजू सुटली, ज्ञानाची बाजू कोरीच राहिली.

ती दुसरी बाजू घरांत नव्हे, तर विद्यापीठांत उजेडात आली. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९८० च्या दशकाच्या आरंभी कोकाकोलाचे एक विक्रीयंत्र होते. जिने उतरून जावे आणि यंत्र रिकामे असावे, किंवा नुकतीच भरलेली कोमट बाटली हाती यावी, याला कंटाळून तेथील काही विद्यार्थ्यांनी यंत्रावरच्या दिव्यांना तारा जोडल्या. बाटली घेतली की त्या रकान्याचा दिवा काही सेकंद लागे आणि रकाना संपला की तो लागलेलाच राही. एवढ्या खुणांवरून विभागाचा मुख्य संगणक प्रत्येक रकान्यात बाटल्या आहेत का आणि त्या किती वेळापासून आत आहेत याचा हिशेब ठेवी. तीन तास झाले की बाटली थंड झाली असे मानले जाई. यंत्राच्या आत काहीही बदललेले नव्हते. जे माणसाला दिसले असते ते संगणकाला दाखवले, इतकेच.

कॉफीच्या बाबतीत हेच केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये घडले, आणि त्याची कीर्ती मूळ हेतूच्या मानाने कितीतरी पटींनी मोठी झाली. कॉर्न एक्स्चेंज स्ट्रीटवरील त्या इमारतीत ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर सामाईक कॉफीयंत्र होते. त्यावर हक्क सांगणारे काही संशोधक इतर मजल्यांवर बसत असल्याने ते पोहोचेपर्यंत भांडे रिकामे झालेले असे. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी एक कॅमेरा भांड्यावर रोखून बसवला आणि तो चित्र पकडणाऱ्या एकॉर्न संगणकाला जोडला. जार्डेट्स्की यांनी चित्र पुरवणारा सर्व्हर लिहिला, म्हणजे मागणी येताच चित्र पाठवणारी आज्ञावली. स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ते चित्र पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी आज्ञावली लिहिली. चित्र करड्या छटांचे, १२८ गुणिले १२८ बिंदूंचे असे आणि मिनिटाला सुमारे तीनदा बदले. भांडे त्याहून वेगाने भरत नसल्याने हा वेग पुरेसा होता. १९९३ मध्ये वेब ब्राउझरना चित्रे दाखवता येऊ लागल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी हे चित्र वेबवर आणले आणि जगातला पहिला वेबकॅमेरा म्हणून त्याची नोंद झाली. लाखो लोकांनी एका अनोळखी प्रयोगशाळेतले कॉफीचे भांडे भरले आहे की रिकामे, हे पाहिले. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार म्हणून २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. त्या वेळचे क्रुप्स यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना जर्मनीतील श्पीगल नियतकालिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने घेतले आणि पुढे ते पाडरबोर्न येथील हाइन्झ निक्सडॉर्फ संग्रहालयात ठेवण्यात आले.

केंब्रिजच्या या व्यवस्थेने कॉफी एकदाही सुरू केली नाही. तिने फक्त पाहिले. उपयोगितेच्या कसोटीवर मात्र ती नंतरच्या अनेक आज्ञाधारक यंत्रांपेक्षा सरस ठरते, कारण वापरणाऱ्याची खरी अडचण कळ दाबण्याची नव्हतीच. जिना उतरणे सार्थकी लागेल का, हे त्याला आधी कळायला हवे होते. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून जॉन रॉम्की यांनी १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनात मांडलेल्या इंटरनेट-टोस्टरचा उल्लेख होतो. जाळ्यावरची उपकरणे सांभाळण्यासाठी ठरवलेल्या संदेशपद्धतीने तो टोस्टर सुरू किंवा बंद करता येई आणि वीज किती वेळ चालू ठेवली यावर पाव किती भाजायचा हे ठरे. पण पाव आत ठेवायला माणूसच लागत होता. म्हणून पुढच्या वर्षी त्यासाठी एक छोटी यारी जोडण्यात आली. कॉफीयंत्राच्या जोडणीत पेला ठेवण्याची जी अडचण आजतागायत सुटलेली नाही, तिचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

१ एप्रिल १९९८ रोजी इंटरनेटच्या तांत्रिक मानकांच्या मालिकेत, जिला आरएफसी म्हणतात, क्रमांक २३२४ चा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेल्या या दस्तऐवजात कॉफीच्या भांड्यांचे दूरनियंत्रण करण्यासाठी वेबच्या एचटीटीपी या संदेशपद्धतीचा विस्तार सुचवला होता: कॉफी करायला लावणारी एक आज्ञा, दूध ओतणे कधी थांबवायचे हे सांगणारी दुसरी, आणि चहादाणीला कॉफी करायला सांगितले तर तिने परत पाठवायचा ४१८ क्रमांकाचा त्रुटिसंकेत. तारखेवरून हेतू उघड आहे. पण त्या काळी जो तो आपल्या कामासाठी एचटीटीपीला वाटेल तशी ठिगळे लावत होता, त्यावरची ती गंभीर टीका होती. विनोदाचे आयुष्य मोठे निघाले. २०१४ च्या एप्रिलमध्ये चहासाठी पुरवणी निघाली, अनेक आज्ञावलींमध्ये ४१८ खरोखर शिरला, आणि २०१७ मध्ये तो काढण्याचा प्रस्ताव येताच इतका विरोध झाला की अखेर २०२२ च्या एचटीटीपी मानकात तो क्रमांक दुसऱ्या कशालाही न देता राखून ठेवण्यात आला.

दरम्यान खरी यंत्रे बदलत होती. इटलीतील साएको कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास बिया दळण्यापासून पेय उतरवण्यापर्यंत सारे काही एका बटणावर करणारे घरगुती एस्प्रेसोयंत्र आणले. अशा पूर्णस्वयंचलित यंत्रांत हळूहळू सूक्ष्मसंगणक, संवेदक आणि पडदा आले आणि जुनी यांत्रिक कळ गेली. तिची जागा ज्या बटणाने घेतली ते वीज जोडत नाही. ते आतल्या संगणकाला फक्त सूचना देते. त्यामुळे भिंतीतली वीज जाऊन परत आली की यंत्र कॉफी करत नाही, ते निद्रावस्थेत जाऊन बटण दाबले जाण्याची वाट पाहते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते, पण एक्स-टेनच्या काळापासून चालत आलेली युक्ती त्यामुळे निकामी झाली. विरोधाभास असा, की आजही यांत्रिक कळ असलेली जड पितळी बॉयलरची एस्प्रेसोयंत्रे साध्या स्मार्ट प्लगला, म्हणजे जाळ्यावरून उघडमीट होणाऱ्या सॉकेटला, विनासायास जोडता येतात. त्यांना तापायला अर्धा तास लागत असल्याने पहाटे आपोआप वीज सुरू होणे त्यांच्या मालकांना सोयीचेही पडते. अत्याधुनिक यंत्रांना मात्र बाहेरून हात लावायला जागाच उरली नाही.

ती जागा उत्पादकांनी स्वतःच्या अटींवर उघडली. बॉश आणि सीमेन्स या नाममुद्रांची घरगुती उपकरणे बनवणाऱ्या बीएसएच कंपनीने २०१४ च्या सुमारास ‘होम कनेक्ट’ ही सेवा आणली आणि पुढे तिच्यात कॉफीयंत्रेही आली. यंत्र घरच्या वाय-फायला जोडले जाते, पण आज्ञा घरातून थेट त्याच्याकडे न जाता कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तिकडे, आणि तेथून परत घरात येते; ओसरीवरून माजघरात जाण्यासाठी गावाला वळसा घालावा तसा हा प्रकार आहे. मोबदल्यात ज्ञानाची बाजू पहिल्यांदाच भरून निघाली. एस्प्रेसो की कॅपुचिनो, पूड किती, पाणी किती, हे आज्ञेतच सांगता येते आणि बियांचा डबा रिकामा झाला, पाण्याची टाकी संपली, खालचे ताट भरले अशा सूचना यंत्र स्वतःहून पाठवते. बाहेरच्या आज्ञावलींसाठी कंपनीने ठरावीक दारे ठेवली. त्यांतून दिवसाला हजारच विनंत्या करता येतात. घराबाहेर असताना यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून या सेवेतील अनेक उपकरणांवर दूरस्थ प्रारंभाची परवानगी आधी प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन द्यावी लागते.

या दारांवर ज्यांनी सर्वाधिक धडका दिल्या त्यांत ‘होम असिस्टंट’ या मुक्त आज्ञावलीचा समाज अग्रभागी होता. पॉलस स्खाउट्सन यांनी २०१३ मध्ये घरातील दिव्यांसाठी पायथन भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीपासून ती वाढली. घराचा कारभार घरातल्याच एखाद्या लहान संगणकावर चालावा, इंटरनेट गेले तरी थांबू नये, हा तिचा आग्रह. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे तिच्यात ‘इंटिग्रेशन’ नावाच्या जोडदुव्यांनी येतात. होम कनेक्टचा दुवा २०२० मध्ये आला, अर्थात क्लाउडमार्गेच. ज्यांना हा वळसा मान्य नव्हता त्यांनी वेगळी वाट शोधली: उपकरण घरच्या जाळ्यावर ज्या कूटसंदेशांत बोलते त्यांची उकल करून, मालकाच्याच खात्यातून किल्ली मिळवून, त्याच्याशी थेट बोलणारी आज्ञावली २०२२ पासून उपलब्ध झाली. तिने मिळवलेली माहिती बहुधा एमक्यूटीटी या हलक्या संदेशपद्धतीने मध्यवर्ती संगणकाकडे जाते. ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या नळमार्गांवर उपग्रहाद्वारे देखरेख करण्यासाठी रचली होती. वाळवंटातल्या पंपासाठी केलेली सोय कॉफीच्या कामी आली, हे या इतिहासाच्या स्वभावाला धरूनच झाले.

जोडणीचा धोका किती खरा आहे हे २०२० मध्ये दिसले. अवास्ट या सुरक्षासंस्थेतील मार्टिन ह्रोन यांनी वाय-फायवर चालणाऱ्या एका जुन्या कॉफीयंत्राची अंतर्गत आज्ञावली तपासली, तेव्हा ती कूटबद्ध नव्हती आणि बदललेली आज्ञावली यंत्र निमूटपणे स्वीकारत होते. ह्रोन यांनी ती बदलून यंत्राला खंडणी मागायला लावले: तवा तापतो, पाणी सांडते, दळणयंत्र फिरत राहते, पडद्यावर पैशांची मागणी झळकते, आणि हे थांबवण्याचा एकच उपाय उरतो, प्लग उपसणे. केवळ वीज कळणाऱ्या १९७० च्या दशकातील यंत्रावर असा हल्ला करणे अशक्य होते. त्याला समजून घेण्यासारखे काही नव्हतेच. क्लाउडवर टाकलेल्या विश्वासाचा प्रश्न निराळा, आणि तो कॉफीपुरता मर्यादित नाही: २०१६ मध्ये ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या घरगुती नियंत्रकाची सेवा तिच्या मालक कंपनीने बंद केल्यावर लोकांनी विकत घेतलेली यंत्रे एका दिवसात निरुपयोगी झाली होती.

सर्व उत्पादकांची उपकरणे इंटरनेटवाचून, घरातल्या घरात एकमेकांशी बोलावीत यासाठी ‘मॅटर’ हे सामाईक मानक २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी त्यात दिवे, प्लग आणि कुलुपे होती. २०२३ च्या आवृत्तीत शीतकपाटे, धुलाईयंत्रे, भांडी घासण्याची यंत्रे आणि फिरते झाडूयंत्र आले, तर २०२४ मध्ये ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि चूल यांची भर पडली. या यादीत कॉफीयंत्राचा प्रकार नव्हता. त्यामुळे या मानकावर ज्यांना भिस्त ठेवायची आहे ते कॉफीयंत्र मॅटरच्या प्लगमध्ये खोचून फक्त वीज चालू-बंद करतात, आणि ज्या प्लगमध्ये वीजमापनाची सोय आहे त्याच्या आकड्यांवरून आत काय चालले आहे याचा अंदाज बांधतात: वापर हजार वॉटच्या वर गेला की पाणी तापते आहे, तो एकदम खाली आला की कॉफी उतरली.